बोटीच्या ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक : एकच चाक तापते

प्रश्न

नमस्कार. मी ह्यूस्टनला राहतो आणि उन्हाळ्यात गॅल्व्हेस्टनच्या खाडीत वरचेवर बोट घेऊन जातो. ट्रेलर दोन चाकांचा असून त्याला ड्रमचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. गेल्या दोन फेऱ्यांत उजवे चाक हात लावता येणार नाही इतके तापले, डावे मात्र थंडच राहिले. शिवाय गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो. दोन्ही ब्रेक आवळून घ्यावेत असा विचार आहे. हे काम घरी जमेल का?

उत्तर १

जमेल, पण आवळणे ही शेवटची पायरी आहे. या ट्रेलरला पेडल नसते. गाडी मंदावली की मागचे वजन पुढे रेटते आणि गाडीशी असलेल्या जोडणीतला दांडा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलावर दाब आणणारे मुख्य सिलिंडर, दाबतो. तेथून तेल बहुधा एकाच नळीने येऊन पुढे दोन्ही चाकांकडे फुटते, त्यामुळे मुख्य नळी किंवा जोडणी अडकली असती तर दोन्ही चाके तापली असती. उजवे चाक जॅकवर उचलून फिरवून पाहा. ते जड जात असेल तर ब्रेकचे निपल (तेल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करा : लगेच मोकळे झाल्यास त्या बाजूच्या नळीत दाब अडकला आहे, न झाल्यास ड्रम उघडून शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या), स्प्रिंग आणि चाकातले सिलिंडर तपासावे लागेल. चाक मोकळे असूनही खरखरत असेल तर दोष बेअरिंगचा. थंड राहणारे डावे चाक मला अधिक काळजीचे वाटते, कारण ते बहुधा ब्रेक लावतच नाही आणि सगळा भार उजव्यावर पडतो.

उत्तर २

दुरुस्तीनंतर आधी तेलाच्या नळ्यांतली हवा काढावी, मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाने सुरुवात करून. बाटलीतले जुने ब्रेक ऑइल वापरू नये. ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. मग ड्रम थंड असताना, चाक पुढच्या दिशेने फिरवत, मागच्या पत्र्यातल्या खाचेतून शू आवळणारी छोटी दातेरी चकती, ट्रेलरचे चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत आवळावी आणि साधारण दहा दाते सैल करावे. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. खाचेचे रबरी बूच परत बसवायला विसरू नये. मी एकदा विसरलो आणि आत खाडीची वाळू जमली.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. डाव्या चाकातले सिलिंडर गंजून पूर्ण जाम झाले होते आणि उजव्याची परत खेचणारी स्प्रिंग तुटली होती. दोन्ही बाजूंचे सिलिंडर, शू आणि स्प्रिंगा बदलल्या. खाऱ्या पाण्यासाठी डिस्क ब्रेक बसवणे बरे पडेल का?

उत्तर ३

धुणे सोपे जाते, म्हणून मी डिस्कच निवडले. मात्र अशा ट्रेलरवर मागे घेतानाही डिस्क धरतात, त्यामुळे गाडीच्या रिव्हर्सच्या दिव्याच्या विजेवर चालणारा, तेल अडवणारा व्हॉल्व्ह लागतो आणि त्यासाठी चारऐवजी पाच तारांचा प्लग घ्यावा लागतो. ड्रम ठेवणार असाल तर रॅम्पवर पोहोचल्यावर चाके निवू द्या, कारण गरम हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून पाणी सीलमधून बेअरिंगपर्यंत ओढले जाते. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने ड्रम आतून धुवा.