चिप फॅबमधली १२ तासांची शिफ्ट खरंच झेपते का?

नवखा_टेक
मंडळी, सेमीकंडक्टर फॅबमध्ये (चिप बनवायच्या कारखान्यात) इक्विपमेंट टेक्निशियनची ऑफर आलीये. आत्तापर्यंत जनरल शिफ्टच केली, सकाळी जायचं संध्याकाळी यायचं. इथे १२-१२ तासांच्या शिफ्ट आहेत, दोन दिवस काम दोन सुट्टी तीन दिवस काम असं काहीतरी चक्र आहे आणि काही आठवड्यांनी दिवसपाळीवरून रात्रपाळीवर टाकतात म्हणे. एचआरच्या मॅडम सांगत होत्या की वर्षातले निम्मे दिवस सुट्टीच असते, ऐकायला भारी वाटतं पण इतकं भारी असतं तर लोक सोडून का जातात हा प्रश्न पडतोच ना. तर जे खरंच फॅबमध्ये आहेत त्यांनी सांगा: तो पांढरा सूट घालून १२ तास काढणं कसं असतं, रात्री नक्की काय काम असतं आणि झोपेचं काय करता. घरी लहान मुलगी आहे. माहितीपत्रकातलं नको, तुमचं सांगा.

एचिंगवाला
बरीच वर्षं एच मॉड्यूलला आहे (वेफर म्हणजे ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती, तिच्यावरचे थर नक्षीप्रमाणे कोरून काढणारा विभाग), त्यामुळे जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

आधी तुमच्या मॅडमचा हिशोब. खोटा नाहीये तो. १४ दिवसांत ७ शिफ्ट, म्हणजे ८४ तास, आठवड्याला सरासरी ४२. पण ही सरासरी आहे, जगायचं असतं ते एका आठवड्यात ५ शिफ्ट म्हणजे ६० तास आणि पुढच्या आठवड्यात २ शिफ्ट. एक आड एक शनिवार-रविवार मोकळा मिळतो ही यातली खरी चैन. आणि १२ तास कधीच १२ नसतात. आधी येऊन गाउनिंग करायचं (आत धूळ जाऊ नये म्हणून तो सूट चढवायचा), मागच्या शिफ्टकडून पासडाउन, म्हणजे काय झालं काय राहिलं याची माहिती, घ्यायचा, शेवटी पुढच्याला द्यायचा, आणि नेमकं निघायच्या अर्धा तास आधी टूल (आम्ही मशीनला टूल म्हणतो) डाउन होतं तेव्हा तसंच टाकून जाता येत नाही (तांत्रिकदृष्ट्या येतं, पण मग पुढच्या वेळी तुमच्यासाठी कोण थांबेल).

सूटबद्दल म्हणाल तर दोन आठवड्यांत सवय होते. हेअरनेट, मास्क, हूड, मग कव्हरऑल, मग बूट, ग्लोव्हजच्या दोन जोड्या, गॉगल. वरून खाली या क्रमाने, आणि सूटचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, नवीन माणूस ओळखायचा तो यावरूनच. परफ्यूम, मेकअप, पेन्सिल, साधा कागद काहीच आत न्यायचं नाही, लिहायला वेगळा कागद असतो ज्याचे तंतू सुटत नाहीत. आत साधारण २०-२२ डिग्री, त्यामुळे उकडत नाही. त्रास वेगळाच आहे. आत पाणी पिता येत नाही. पाणी प्यायचं किंवा बाथरूमला जायचं म्हणजे बाहेर या, सगळं उतरवा, परत सगळं चढवा. मग लोक काय करतात तर पाणीच पीत नाहीत. हे करू नका. डोकं दुखणं, लघवीची जळजळ हे सगळं त्यातून सुरू होतं आणि लोक खापर फोडतात नाइट शिफ्टवर.

आणि खिडकी नाही. पावसाळा आहे का उन्हाळा, बाहेर उजाडलं का अंधारलं, आत कळत नाही. लिथोमध्ये (प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवतात तो विभाग) तर सगळीकडे पिवळा उजेड, कारण फोटोरेझिस्टला, म्हणजे वेफरवरच्या प्रकाशाने बदलणाऱ्या लेपाला, निळा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश चालत नाही. तिथून शिफ्ट संपवून बाहेर आलं की थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. सुरुवातीला मजा वाटते.

रात्रीचा_राजा
रात्री काय काम असतं हे विचारलंय म्हणून लिहितो. लोकांना वाटतं रात्री निवांत. मीटिंगा नाहीत, व्हिजिटर नाहीत, साहेबलोक नाहीत, हे खरंय आणि हेच मला आवडतं पण मशीनला दिवस-रात्र कळत नाही.

३०० मिमी व्यासाच्या वेफरच्या फॅबमध्ये ते वेफर कुणी हाताने उचलत नाही. २५ वेफरचा एक डबा असतो, त्याला फूप म्हणतात, तो छताखालच्या रुळांवरून आपोआप या टूलवरून त्या टूलवर जातो. तुमचं काम सुरू होतं ते ही गाडी अडकल्यावर. अलार्म आला, चेंबरचं प्रेशर धरत नाहीये, रोबोटने वेफर नीट ठेवला नाही, पार्टिकल काउंट वाढलाय, चार्टवर पॉइंट लिमिटच्या बाहेर गेलाय. दिवसा अशा वेळी शेजारी इंजिनियर उभा असतो. रात्री तो घरी झोपलेला असतो आणि तुम्हाला ठरवायचं असतं की लॉट (डब्यातले ते वेफर) होल्डवर टाकायचा, म्हणजे थांबवून ठेवायचा, का पुढे सोडायचा, का ऑन-कॉल माणसाला उठवायचं. माझं साधं धोरण आहे, शंका आली की होल्ड आणि फोन. झोपमोड झाली म्हणून कुणी चिडलं तर चिडू दे, २५ वेफर स्क्रॅप झाले की सकाळी त्यापेक्षा जास्त चिडतात.

मग रात्री बंदच का ठेवत नाहीत असं माझ्या घरचे विचारायचे. एक वेफर शेकडो स्टेप्समधून जातो, आत गेल्यापासून पूर्ण व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. काही स्टेप्सच्या मधे वेळेची मर्यादा असते, समजा क्लीन झाल्यावर अमुक तासांत तो फर्नेसमध्ये गेलाच पाहिजे, नाहीतर पृष्ठभागावर ऑक्साइड धरतो आणि परत क्लीन करा नाहीतर फेका. शिवाय चेंबर एकदा उघडला की पुन्हा व्हॅक्यूम ओढायचा, टेस्ट वेफर चालवायचे, मोजायचे, ते पास झाले की मगच टूल प्रॉडक्शनला द्यायचं. तासन् तास जातात त्यात. रोज संध्याकाळी बटण बंद करून घरी जायची सोयच नाही.

एक महत्त्वाचं, पासडाउन नीट घ्यायला शिका. 'टूल ४ ओके' असं कुणी लिहिलं असेल तर समजायचं काहीही ओके नाही. काय बिघडलं, कुठला पार्ट बदलला, कुठला स्क्रू अजून अर्धा घट्ट आहे, लॉकआउट (काम चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून कुलूप लावतात ते) कुणाच्या कुलपावर आहे, हे उभं राहून तोंडाने विचारायचं. माझ्या मते चांगली शिफ्ट आणि वाईट शिफ्ट यातला सगळा फरक या १५-२० मिनिटांत असतो. १२ तासांत नसतो.

बोर्डलाइन
फॅब आणि असेंब्ली एकच समजू नका कुणी. मी इलेक्ट्रॉनिक्स असेंब्लीच्या लाइनवर होते. तिथे गाडी अडकायची वाट बघत नाही, लाइन सतत पुढे सरकत असते, तेच चार स्क्रू, तेच कनेक्टर, पुढचा बोर्ड आलाच. शिफ्टच्या सुरुवातीला मनगटाचा पट्टा टेस्टरवर लावून हिरवा दिवा बघायचा (अंगावरच्या स्टॅटिकने पार्ट मरतो म्हणून) आणि मग ब्रेकपर्यंत जागचं हलायचं नाही. बाथरूमला जायचं तर रिलीव्हर यायची वाट बघा. तुमच्या टेक्निशियनच्या कामात निदान डोकं चालतं. ऑफर फॅबची असेल तर नशीबवान आहात, एवढंच.

एचिंगवाला
@बोर्डलाइन अगदी खरं.

सेफ्टीचं राहिलं. गॅस अलार्म वाजला की हातातलं आहे तिथे सोडायचं आणि बाहेर, 'एवढं झालं की निघतो' हे चालत नाही. वेट बेंचकडे (जिथे वेफर ॲसिडसारख्या रसायनांत धुतात) काम असेल तर हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं ट्रेनिंग झोपा काढत ऐकू नका. पातळ असेल तर लागल्या लागल्या दुखतही नाही, काही तासांनी दुखतं आणि तोवर ते आत पोचलेलं असतं. भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि तडक मेडिकल रूम. जेल कुठे ठेवलंय ते पहिल्याच दिवशी डोळ्याने बघून ठेवा.

झोपमोड
झोपेचं कुणीच लिहिलं नाही अजून, तोच तर खरा विषय आहे.

पहाटे ३ ते ५ या वेळात शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, कितीही वर्षं नाइट केली तरी त्या वेळात माणूस मंद होतोच. म्हणून किचकट काम, मोजमापं, पार्ट बदलणं हे जमेल तितकं मध्यरात्रीच्या आधी उरकायचं. चहा-कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, पहाटे चारला कप मारला तर सकाळी नऊला पडून छताकडे बघत बसाल. घरी जाताना गॉगल लावा, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. खोली पूर्ण काळोखी. आणि नाइटनंतर स्वतः गाडी चालवत जाणार असाल तर दहा वेळा विचार करा, कंपनीची बस असेल तर बसच.

आता वादाचा मुद्दा. सुट्टीच्या दिवशीही रात्रीच जागायचं का? मी म्हणतो हो, निदान पहाटे तीन-चारपर्यंत, म्हणजे झोपेचे काही तास तरी कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी सारखे राहतात. दर दोन दिवसांनी उलटंपालटं केलं की शरीर कुठेच स्थिर होत नाही. आणि तब्येतीचं हसण्यावारी नेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. याच गटात लाल मांसही आहे, त्यामुळे घाबरून पळायचं कारण नाही, पण वर्षानुवर्षं नाइट करायची तर वर्षातून एकदा नीट तपासणी हवीच.

शिफ्टवाल्याची_बायको
@झोपमोड तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण सुट्टीच्या दिवशी पहाटे चारपर्यंत जागून दुपारी बारापर्यंत झोपणाऱ्या माणसाबरोबर राहून बघा एकदा. आमच्याकडे हे तसंच करायचे. सुट्टी दोन दिवस, त्यातला एक झोपेत आणि दुसरा चिडचिडीत. मुलाला वाटायचं बाबा आजारीच असतात.

मग आम्ही ठरवलं की शेवटच्या नाइटनंतर सकाळी फक्त तीन-चार तास झोपायचं, दुपारी उठायचं, उन्हात जायचं, आणि रात्री सगळ्यांबरोबर लवकर झोपायचं. तो एक दिवस ते भुतासारखे असतात, त्या दिवशी मी काही महत्त्वाचं बोलत नाही, पैशाचं तर अजिबात नाही. पण दुसरा दिवस पूर्ण मिळतो. परत नाइट सुरू व्हायच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोप. शरीराला कदाचित त्रास होत असेल, घराला कमी होतो.

आणि मुलगी लहान आहे म्हणालात म्हणून, दाराची बेल बंद करणं, मिक्सर कधी लावायचा, फोन कुणाकडे राहणार हे आधी ठरवा. दिवसा झोपलेल्या माणसाला लोक झोपलेला धरतच नाहीत, 'घरीच आहेस ना, एवढं करून ये' असं सगळ्यांना वाटतं. पण एक सांगते, सोमवार-मंगळवार घरी असल्यामुळे शाळेत सोडणं-आणणं ह्यांनी जितकं केलं तितकं आमच्या ओळखीतल्या कुठल्याच बापाने केलं नाही.

झोपमोड
ताई, मान्य. मी एकटा राहतो तेव्हा मला सोपं आहे म्हणायला 😅

नवखा_टेक
सगळ्यांचे मनापासून आभार, बायकोलाही वाचायला दिलं, शेवटचं उत्तर तिने दोनदा वाचलं. आता सही करायच्या आधी एचआरला नक्की काय काय विचारू?

रात्रीचा_राजा
दिवस-रात्र फिरते का फिक्स आहे, फिरते तर किती आठवड्यांनी आणि मधे किती दिवस मोकळे देतात. आठ तासांच्या तीन पाळ्यांवर टाकणार असतील तर पाळी पुढे सरकते का मागे ते विचार, सकाळ-दुपार-रात्र असं पुढे सरकणं शरीराला सोपं जातं, उलटं फार छळतं. पासडाउनचा आणि गाउनिंगचा वेळ पगारात धरतात का. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावतात तेव्हा नाही म्हणता येतं का, आणि हे एचआरला नको विचारू, फ्लोअरवरच्या कुणाला तरी विचार. मॉड्यूल कुठलं मिळणार तेही विचार, एच आणि डिपॉझिशनला (वेफरवर थर चढवतात तिथे) पीएमच्या, म्हणजे ठरलेल्या देखभालीच्या, वेळी अंगमेहनत जास्त, मेट्रोलॉजीला (मोजमापं घेतात तिथे) कमी.

एचिंगवाला
आणि बूट मापाचे घे. पहिल्याच दिवशी सांग, स्टोअरवाला असेल ते माप हातात देतो आणि मग १२ तास तेच पायात.