मदत हवी आहे: गेमिंगसाठी खुर्ची, कंबर आखडते

प्रश्न
उंची १६० सेंमी, वजन ६८ किलो, टेबल ७५ सेंमी उंच. कीबोर्ड-माउसवर सलग तीन-चार तास खेळणं होतं. सध्याची खुर्ची रेसिंग पद्धतीची, कमरेला बांधायची उशी असलेली. तासाभरात कंबर आखडते, मांडीमागे गुडघ्याजवळ रग लागते. याच प्रकारातली भारी खुर्ची घ्यावी की जाळीची ऑफिसची?

प्रतिसाद १
नाव गेमिंग की ऑफिस, याला महत्त्व नाही. सीटची खोली मोजा. पाठ पूर्ण टेकल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. तुमच्या उंचीला ४०-४३ सेंमी खोली साधारण पुरते. जास्त असेल तर कड मांडीत रुतते, माणूस नकळत पुढे सरकतो, पाठीचा टेका सुटतो आणि कंबर गोल होते. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा हेच. सीट पुढे-मागे सरकणारी खुर्ची बघा.

रेसिंग सीटच्या उंच कडा गाडी वळताना अंग घसरू नये म्हणून असतात. घरात त्या फक्त खांदे पुढे ढकलतात. बांधायची उशीही घसरून माकडहाडावर येते. लंबरचा, म्हणजे कमरेच्या आधाराचा, फुगवटा पट्ट्याच्या रेषेत किंवा किंचित वर हवा.

प्रतिसाद २
सीटच्या खोलीचं पटलं, पण टेबलही तपासा. पाय जमिनीवर टेकतील अशी सीट तुमच्यासाठी ४० सेंमीच्या आसपास येईल, म्हणजे कोपर साधारण ६२ सेंमीवर. टेबल ७५! मग खांदे उचलूनच खेळावं लागतं. सीट ५२ पर्यंत चढवा आणि पायाखाली १२ सेंमीचा पक्का पाट ठेवा, नाहीतर कीबोर्डसाठी टेबलाखाली सरकता ट्रे लावा. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडायला नकोत. अडले की पुन्हा पुढे सरकून बसणं आलं.

मागे रेलताना सीटची पुढची कड वर उचलली जात असेल तर ती खुर्ची नको. पाठ जास्त आणि सीट कमी कलणारी, म्हणजे सिंक्रो टिल्टची घ्या. सीट आणि पाठ यांतला कोन १००-११० अंशांवर ठेवा, पण लॉक करून टाकू नका.

प्रश्नकर्ता
सीटची खोली मोजली, ५१ सेंमी निघाली. लगेच बदलणं शक्य नाही. तोवर पाठीमागे उशी चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण मऊ नको, दबून जाते. ८-९ सेंमी जाड घट्ट फोम, सीटपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत उंच. फक्त कमरेमागे ठेवलात तर वरची पाठ अधांतरी राहते. बांधायची उशी काढून टाका. फोममुळे तुम्ही पुढे याल, तेव्हा खुर्चीचे हात सरकत असतील तर तेही तेवढेच पुढे घ्या.

प्रतिसाद २
दर अर्ध्या तासाला, सामना संपला की, उठून दोन मिनिटं चाला. आणि दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर खुर्ची राहू दे, आधी डॉक्टरांना दाखवा.