मदत हवी आहे: २२ महिन्यांच्या मुलाला स्कोलिओसिस, प्लास्टर आत्ता घालायचं की उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं? (नाशिक)

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहतो. मुलगा २२ महिन्यांचा आहे आणि त्याला स्कोलिओसिस निघालाय, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी छाती-पोटाभोवती प्लास्टर घालायला सांगितलंय. घरात रोज चर्चा, रोज नवीन मत, आणि माझं डोकं आता चालेनासं झालंय. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

झालं असं की तो दहा महिन्यांचा असताना सासूबाई त्याला पायांवर पालथा घेऊन मालिश करत होत्या, त्यांनी मला हाक मारली, म्हणाल्या इथे हात लावून बघ गं. तेलाने पाठ चकाकत होती आणि डावीकडच्या बरगड्या उजवीकडच्यांपेक्षा वर आलेल्या, हाताला सरळ लागत होत्या. त्याच आठवड्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाले चालायला लागला की जाईल आपोआप. आम्ही विश्वास ठेवला आणि त्यात वर्ष गेलं. नाव घेत नाही, नाव घेऊन ते वर्ष परत येणार नाही, पण तेव्हा नुसता एक एक्स-रे काढला असता तर, हे रोज रात्री मनात येतं.

आता एक्स-रेत कॉब अँगल, म्हणजे कणा किती वाकलाय त्याचं माप, ३८ अंश आलाय. १० अंशांच्या पुढे गेलं की स्कोलिओसिस म्हणतात. शिवाय बरगड्या मणक्याला ज्या कोनात जोडलेल्या असतात त्यात डाव्या-उजव्या बाजूला किती फरक आहे तेही मोजलं, तो २० च्या आत असेल तर लहान बाळांचा बाक बऱ्याचदा आपोआप जातो, पुढे असेल तर वाढायची भीती जास्त. आमचा २७. एवढ्या लहान वयात बाक मोठा असला की कधीकधी मज्जारज्जूत काही दोष असतो म्हणून एमआरआय पण केला, देवाच्या कृपेने तो स्वच्छ आला.

मला सगळ्यात जास्त हलवून टाकलं ते वेगळंच. मी आपली कणा कणा करत होते आणि डॉक्टर म्हणाले, मला कण्यापेक्षा त्याच्या छातीची काळजी आहे. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, उजवीकडच्या बरगड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दाटलेल्या, डावीकडच्या फाकलेल्या. म्हणाले जन्मतः छातीच्या पिंजऱ्यात जेवढी जागा असते ती मोठ्या माणसाच्या फक्त ६ टक्के, पाचव्या वर्षी ३० टक्के आणि दहाव्या वर्षी ५० टक्के. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पण पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त वाढतात. म्हणजे फुप्फुसं वाढायची वेळ हीच आहे, आणि पिंजराच वाकडा आणि आखूड राहिला तर ती वाढणार कुठे?

आता घरातलं सांगते. दीर म्हणतात सारखं प्लास्टर कशाला, एकदाच ऑपरेशन करून मोकळे व्हा. मी हे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले या वयात मणके एकमेकांना जोडून टाकले तर तेवढा भाग वाढायचाच थांबतो, बाकीचं अंग वाढतं आणि छाती आखूडच राहते. छातीच्या भागातल्या कण्याची उंची निदान १८ सेंटीमीटर तरी व्हायला हवी, त्याच्या खाली राहिली तर पुढे श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून ऑपरेशन जितकं लांबवता येईल तितकं चांगलं, आणि प्लास्टर त्यासाठीच. सासरे म्हणतात दिवाळीपर्यंत थांबू, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, लेकरू प्लास्टरमध्ये उकडून निघेल. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या तू त्याला कायम डाव्याच कडेवर घेतेस म्हणून झालं हे. त्या दिवसापासून त्याला कडेवर घेताना हात थरथरतो माझा.

दर दोन-अडीच महिन्यांनी भूल देऊन प्लास्टर बदलायचं, त्या भुलीची पण भीती वाटते. थांबलं तर चालेल का? आणि उन्हाळा कसा काढायचा?

सिन्नरकर:

ताई, थांबू नका. बाप म्हणून सांगतो. माझी मुलगी आता ७ वर्षांची आहे, पहिलं प्लास्टर २० व्या महिन्यात घातलं, एकूण सहा झाली, मग ब्रेस (काढता-घालता येणारा पाठीचा पट्टा), आता काहीच नाही, दर वर्षी एकदा दाखवतो. प्रत्येक मुलाला असंच यश येईल असं मी म्हणणार नाही. पण ही पद्धत ज्यांनी रुजवली त्या डॉ. मिन मेहता, लंडनजवळ स्टॅनमोअरच्या हॉस्पिटलमध्ये होत्या, त्यांनी २००५ मध्ये १३६ मुलांची माहिती छापली होती. ९४ मुलं लवकर आलेली, सरासरी १९ महिने वय आणि ३२ अंशांचा बाक, त्यांचा कणा साडेतीन वर्षांच्या आसपास सरळ झाला. ४२ मुलं उशिरा आलेली, सरासरी अडीच वर्षं आणि ५२ अंश, त्यांचा बाक कमी झाला पण गेला नाही. त्यांचं म्हणणंच असं की मूल झपाट्याने वाढतंय तोवर ती वाढच कण्याला सरळ करायला वापरायची. तुमचा २२ महिने आणि ३८, तुम्ही अजून वेळेत आहात, पण दिवाळी म्हणजे फार लांब.

उन्हाळ्याचं सांगतो. पोटावर मोठी खिडकी कापलेली असते, त्यामुळे श्वास घ्यायला आणि जेवायला जागा राहते. आम्ही दुपारी १२ ते ५ तिला कूलरच्या खोलीतच ठेवायचो. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, आणि प्लास्टरच्या कडांना रोज टॉर्च मारून बघायचं की कातडी लाल तर झाली नाही. वास यायला लागला किंवा ताप आला की लगेच फोन. पावडर आत अजिबात टाकू नका, घामाने गोळे होतात. मातीत, वाळूत पहिले काही महिने नकोच. जेवण थोडं थोडं पाच-सहा वेळा, एकदम पोटभर दिलं तर उलटी होते. पहिले चार दिवस रडली, चालताना पडली, पाचव्या दिवशी सोफ्यावर चढत होती.

भुलीसाठी उपाशी ठेवायला लागतं, म्हणून सकाळच्या पंचवटीने जायच्या भानगडीत पडू नका, आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. उपाशी लेकराला घेऊन कसारा घाट उतरणं काय असतं ते आम्ही भोगलंय. खर्चाचं काही असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

फिजिओताई:

आधी ते कडेवरचं मनातून काढून टाका. कडेवर घेतल्याने, एका कुशीवर झोपवल्याने ३८ अंशांचा बाक येत नाही. या वयात कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, मुलग्यांमध्ये जास्त दिसतो आणि डावीकडेच जास्त असतो, अगदी तुमच्या बाळासारखा. मालिशने किंवा व्यायामाने एवढा बाक सरळ होत नाही, पण तुमच्या सासूबाईंच्या हाताला जे कळलं ते मोठं आहे, त्यांना तसं जरूर सांगा.

भुलीची शंका बरोबर आहे. ३ वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा ३ तासांपेक्षा जास्त भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्ये इशारा दिला होता. प्लास्टर बदलायला एवढा वेळ लागत नाही, पण ते वारंवार होणार आहे, म्हणून भूलतज्ज्ञांशी वेगळं बोला, किती वेळ लागेल आणि मधलं अंतर वाढवता येईल का ते विचारा. ही भीती एका पारड्यात आणि छाती न वाढण्याची दुसऱ्या, असं दोन्ही समोर ठेवूनच ठरवतात.

चांदवडची_आई:

आमचं वेगळं आहे. माझ्या मुलाचे दोन मणके जन्मतःच अर्धवट, गर्भात पहिल्या दीड महिन्यातच ते तसे बनलेले. त्याच काळात किडनी आणि हृदय पण बनतं म्हणून सोनोग्राफी आणि टूडी इको दोन्ही करायला लावलं. त्याला प्लास्टरचा फार उपयोग नव्हता, साडेचार वर्षांचा असताना वाढत्या रॉडचं (कण्याला आधार देणाऱ्या, मूल वाढेल तशा लांबवता येणाऱ्या सळ्यांचं) ऑपरेशन झालं आणि दर सहा महिन्यांनी पाठ उघडून रॉड लांबवावे लागतात. आत्तापर्यंत पाच वेळा. पोरगं धीराचं आहे, पण हॉस्पिटलचं गेट दिसलं की माझा हात घट्ट धरतो. तुमच्या दिरांना एवढंच सांगा की लहान वयात एकदाच ऑपरेशन आणि संपलं, असं नसतं. प्लास्टरने ही वेळ टळत असेल किंवा चार-पाच वर्षं पुढे जात असेल तर ती चार-पाच वर्षं घ्या.

गोदाकाठची:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा अख्खा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. चांदवडच्या ताईंचं वाचल्यावर दीर काहीच बोलले नाहीत, सकाळी येऊन म्हणाले गाडी मी चालवतो. सासरे अजून उन्हाचंच धरून बसलेत, पण कूलरची जाळी बदलायला त्यांनीच माणूस बोलावलाय. सासूबाईंना फिजिओताईंचा निरोप सांगितला तर डोळे पुसत होत्या.

मंगळवारची तारीख घेतलीय, सोमवारी दादरला नणंदेकडे मुक्काम. भूलतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत.

सिन्नरकर दादा, एकच राहिलं. प्लास्टरच्या आत अंगाला शिवण नसलेला सुती बनियन लागेल म्हणतात, मेनरोडला दोन-तीन दुकानं फिरले, सगळ्यांना शिवण आहे. तुम्ही कुठून घेतला होता? की उलटा घातला तरी चालतो?