ठिपके मोजून देवणी ठरत नाही

वर एकांनी लिहिलंय, ठिपके कमी म्हणजे गोऱ्हा देवणी या गाई-बैलांच्या जातीचा नाहीच. हे साफ चूक आहे. देवणीत तीन प्रकार आहेत. शेवऱ्याच्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतात, वानेऱ्याचं अंग पांढरं नि तोंडाच्या बाजू काळ्या, तर बालंक्याचे ठिपके फक्त पोटाकडे खाली. लाल कंधारी या दुसऱ्या जातीत मात्र रंग लालच हवा.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावर प्रदर्शनात उतरवणार असाल तर झूल-गोंड्यांपेक्षा चालीकडे बघा. आत्तापासून रोज कासऱ्यावर फिरवा, अनोळखी माणसाचा हात पाठीवरून, पायांवरून फिरू द्या. गर्दीत बुजलेलं जनावर पाठ वाकवतं, पाय नीट टेकवत नाही, मग चांगली बांधणीही दिसत नाही. आणि कृपा करून शिंगं खरवडू नका!