बाळाला ब्लेफेरोफायमोसिस सांगितलंय, ऑपरेशनपर्यंत नुसतं थांबायचं का?

सांगलीकर_आई
मुलगी दहा महिन्यांची आहे. जन्मापासून पापण्या खाली आणि डोळे बारीक, काही बघायचं झालं की हनुवटी वर करून मान मागे टाकते. मिस्टरांचे डोळे तसेच, सासऱ्यांचे आणि त्यांच्या बहिणीचेही तसेच (आत्यांना मूलबाळ नाही). सगळे म्हणायचे घराण्याचे डोळे, आणि आता सासूबाई म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. डॉक्टर म्हणाले जीन टेस्ट करा, ऑपरेशन तीन-चार वर्षांची झाली की बघू. तोपर्यंत नजरेला काही होणार नाही ना?

पापणीवाला_बाबा
आमच्या मुलाचं झालंय. पापणी उचलणारा स्नायूच कमजोर असतो म्हणून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात, स्लिंग म्हणतात त्याला, मांडीतली पट्टी काढून लावली. आधी नाकाजवळचे कोपरे दुरुस्त केले मग काही महिन्यांनी पापण्या, काही सर्जन एकदमच करतात. झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, त्यामुळे रात्री मलम लावायचंच, कंटाळा करू नका, बुबुळ कोरडं पडतं.

ऑप्टोमेट्रिस्ट_पुणे
ताई, ऑपरेशनला थांबा पण नजरेच्या तपासणीला अजिबात थांबू नका. या मुलांमध्ये चष्म्याचा नंबर बऱ्याचदा असतो आणि वेळेत कळला नाही तर डोळा आळशी होतो, मग सात-आठ वर्षांनंतर सुधारणं फार अवघड जातं. थेंब टाकून नंबर काढतात, दहा महिन्यांच्या बाळाचाही निघतो, तिला बोलता यावं लागत नाही. पापणीने बाहुली झाकली जात असेल तर ऑपरेशन लवकर करतात. मान मागे टाकून बघते म्हणजे डोळे वापरतेय, ते चांगलंच आहे.
आणि ग्रहणाचा काही संबंध नाही हो. फॉक्सएल२ नावाच्या जीनमधल्या बिघाडाने हे होतं, तो जीन तिसऱ्या क्रोमोसोमवर असतो, 2001 मध्ये सापडला. हा बिघाड आई किंवा बाबांपैकी एकाला असला तरी प्रत्येक बाळाला 50 टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी. तुमच्याकडे सासऱ्यांकडून मिस्टरांकडे आणि त्यांच्याकडून लेकीकडे आलाय, तुमच्याकडून नाही.

मीराताई
मला स्वतःला आहे म्हणून लिहिते. आत्यांना मूल नाही हे तुम्ही कंसात लिहिलंय पण डॉक्टरांना ते आधी सांगा. याचे दोन प्रकार आहेत, पहिल्या प्रकारात बायकांचे बीजकोश (अंडाशय) लवकर थकतात आणि पाळी चाळिशीच्या आधीच, कधी कधी खूप आधी जाते. पुरुषांना मूल व्हायला अडचण येत नाही म्हणून तो बहुतेक वडिलांकडूनच पुढे येतो. मला हे कोणी सांगितलंच नाही, पंचविशीत पाळी अनियमित झाली तेव्हा टेन्शन आहे म्हणाले. जीन टेस्टवरून प्रकाराचा अंदाज येतो, खात्री नाही, म्हणून घरातली माहिती फार कामाची. आत्ता बाळाच्या तपासण्या करायची घाई नको, पण वयात आल्यावर हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या, पाळी लवकर गेली तर हाडांसाठीही औषधं लागतात. हे कागदावर लिहून तिच्या फाइलमध्ये ठेवा.

सांगलीकर_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्यांना फोन केला, आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या तिशीतच पाळी गेली होती, इतकी वर्षं कोणाला बोलल्या नव्हत्या. जेनेटिक काउन्सेलरकडे त्या सोबत यायला तयार आहेत. नंबर काढायची अपॉइंटमेंट सोमवारची मिळालीये. मीराताई, तुम्हाला मेसेज केला तर चालेल का?