मदत हवी आहे: क्षेपणास्त्र कवचाच्या खर्चाविरुद्ध बोलायचंय, आणि समोर निम्मे माजी सैनिक

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतेय. आमच्या बेळगाव पश्चिम भागातल्या वाचनालयाची वादविवाद स्पर्धा आहे. विषय, ‘क्षेपणास्त्र संरक्षणावरील खर्च हा खऱ्या राष्ट्रहिताचा आहे’. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला विरोधी बाजू आली. मराठा सेंटर (मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र) इथून हाकेच्या अंतरावर, घराघरात फौजेतलं कुणीतरी. शिवाय २०१९ च्या पुरात जवान मदतीला उतरले होते, ते कुणी विसरलेलं नाही. अशा लोकांसमोर हिनं उभं राहून ‘खर्च नको’ म्हणायचं आहे. तिचे वडील तर म्हणाले, बाजू बदलून माग नाहीतर आजारी पड.

तिनं पहिलं भाषण लिहिलं ते ‘क्षेपणास्त्र की शाळा’ या धर्तीवर. मी ते बाजूला ठेवायला लावलं. टाळ्या पडतील, पण प्रतिस्पर्धी पहिल्याच मिनिटाला फाडेल. शाळांचा बहुतेक खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. दिल्लीत एक क्षेपणास्त्र कमी घेतलं म्हणून खानापूर तालुक्यातल्या शाळेची कौलं बदलणार नाहीत. (आणि इथल्या मराठी शाळांचं दुखणं नुसतं पैशाचं नाही, ते वेगळं सांगायला नको.)

मग मी थोडं वाचलं. मला सगळ्यात वजनदार वाटला तो मुद्दा असा: कवच बांधलं की समोरचा गप्प बसत नाही, तो भाला वाढवतो. भारतानं २००६ मध्ये येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडण्याची पहिली चाचणी घेतली. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्ताननं अनेक अण्वस्त्रं वाहून नेणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि या प्रदेशात वाढणाऱ्या क्षेपणास्त्र संरक्षणाला तोंड देण्यासाठीच ते आहे असं जाहीर सांगितलं. अमेरिका आणि सोव्हिएत युनियननं १९७२ मध्ये अशा कवचांवर मर्यादा घालणारा करार केला होता तो याच भीतीनं. २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि २०१८ मध्ये पुतिन यांनी नवी शस्त्रं दाखवताना त्याच गोष्टीकडे बोट दाखवलं. रेगन यांनी १९८३ मध्ये अवकाशातल्या ढालीची घोषणा केली, ती काही उभी राहिली नाही, आणि २०२५ मध्ये ट्रम्प ‘गोल्डन डोम’ या देशव्यापी कवचासाठी १७५ अब्ज डॉलरची भाषा करतात.

एवढं झालं, पण हे सगळं परदेशाचं वाटतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण प्रणालीचा सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा करार झाला, १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून देशभरासाठी कवच उभारण्याची ‘सुदर्शन चक्र’ मोहीम जाहीर झाली, मुदत २०३५. मे २०२५ मधला पाकिस्तानशी झालेला संघर्ष सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय, त्यामुळे ‘कवच कामाचं नाही’ हे वाक्य सभागृहात टिकणारच नाही. आणि मला स्वतःलाही ते खरं वाटत नाही. मग विरोधी बाजूनं प्रामाणिकपणे बोलायचं तरी काय? खर्च जास्त की कमी हे मोजायचं कशाशी ताडून? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, निपाणीहून (तोफखान्यातून निवृत्त)

ताई, पोरीला सांगा, ‘क्षेपणास्त्र संरक्षण’ ही एकच गोष्ट समजून बोलू नकोस. मे २०२५ मध्ये ड्रोन पाडायला एल-७० आणि झेडयू-२३ सारख्या जुन्या तोफा वापरल्या, ‘आकाश’ क्षेपणास्त्र होतं, त्या सगळ्यांना जोडणारी ‘आकाशतीर’ ही नियंत्रण यंत्रणा होती. यातलं बरंचसं इथंच बनलेलं. याला विरोध केला तर पहिली रांग उठून जाईल, आणि बरोबरच करेल. देशभरावर पसरलेलं छत, ज्यातून एकही अस्त्र सुटणार नाही, तो वेगळा विषय. एका येणाऱ्या क्षेपणास्त्रावर सहसा दोन तरी सोडावी लागतात. समोरच्यानं खोटी लक्ष्यं मिसळली की आणखी. अण्वस्त्रांच्या बाबतीत एक सुटलं तरी संपलं की! तिनं त्या छताला विरोध करावा.

प्रतिसाद, उद्यमबागहून

मी फाउंड्रीचे हिशेब बघतो, म्हणून आकड्यांपुरतं. लोक म्हणतात, एक पेट्रियट (हल्ला हवेत रोखणारं अमेरिकी क्षेपणास्त्र) सुमारे ४० लाख डॉलरचं आणि समोरचा ड्रोन काही हजार डॉलरचा, म्हणजे तोटा. हे ताडणं अर्धवट आहे. तो ड्रोन ज्यावर पडणार होता त्याची किंमत धरा. विमानतळ वाचला तर महाग गोळाही स्वस्तच. पण समोरचा रोज शंभर पाठवू लागला की कोठार कुणाचं आधी रिकामं होतं, हा खरा प्रश्न.

दुसरं. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा. त्यात पेन्शनच १.६१ लाख कोटी आणि नव्या खरेदीसारखा भांडवली खर्च १.८० लाख कोटी. म्हणजे छताचा पैसा शाळेतून कमी, आणि विमानं-तोफांतून जास्त कापला जाणार. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन (तुकड्या) मंजूर आहेत, जुनी मिग-२१ विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये गेल्यावर उरली २९. हा मुद्दा फौजी लोकांना पटेल, कारण तो फौजेच्याच बाजूचा आहे.

प्रतिसाद, खानापूरहून

दोन्ही मुद्दे ठीक, पण उलटतपासणीत मी असतो तर विचारलं असतं: पलीकडच्या जिल्ह्यात कैगा अणुवीज केंद्र आहे, कारवारला नौदलाचा तळ आहे. त्यांच्यावर काही पडलं तर झळ आपल्यालाही. मग छत नको म्हणता, तर कैगाचं काय?

धागाकर्ती

तिघांनाही धन्यवाद. स्क्वाड्रनचा आकडा वाचून भाची उडालीच, ‘मावशी, हे आधी का नाही सांगितलंस’ म्हणून माझ्यावरच डाफरली. आता भाषणाची सुरुवात तिथूनच करतेय, शाळा पूर्ण गेली.

खानापूरकरांच्या प्रश्नावर आमचं घरात भांडण झालं. माझं म्हणणं, कैगा, कारवार, दिल्ली अशी मोजकी ठिकाणं भक्कम राखा, हे तिनं आधीच मान्य करून टाकावं आणि मग विचारावं की सगळ्या देशावरचं छत त्यात कशाची भर घालतं. तिला वाटतं, एवढं मान्य केलं तर परीक्षक म्हणतील बाजू सोडली. परीक्षकांपैकी एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना सूट न मागता पटवायचंय.

निपाणीचे काका, तुमची हरकत नसेल तर स्पर्धेआधी एकदा फोनवर तिचं भाषण ऐकाल का? व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते. कठोर प्रश्न विचारा, पोरगी म्हणून सोडू नका.