पहिल्याला 'ध', पाचव्याला 'नी': गाणं सुधारलं की परीक्षकाचा हात सैल झाला?

खर्जवाला (धागाकर्ता)
शेजारच्या धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलंय : "पहिलं गाणाऱ्याला गुण कमी पडतात ही हरणाऱ्यांची सबब आहे. गळा असेल तर पहिल्यालाही 'नी' मिळतो." तिथेच उत्तर देणार होतो, पण तिथली गाडी आता सूत्रसंचालिकेच्या साडीवर गेली आहे. म्हणून हा वेगळा धागा.

झी मराठीच्या सारेगमपची पद्धत आठवा. गुण स्वरांत, कागदावर सात पायऱ्या, 'सा' सर्वांत खाली आणि 'नी' सर्वांत वर. पण समोर दहा वर्षांचं पोर उभं आणि मागे आई पदराने डोळे टिपतेय, तेव्हा 'रे' किंवा 'ग' देणार कोण? म्हणजे खऱ्या पायऱ्या तीनच : प, ध, नी. पहिला गायक उभा राहतो तेव्हा बाकीचे काय दिवे लावणार हे परीक्षकाला ठाऊक नसतं. पहिल्यालाच 'नी' दिला आणि चौथा त्याहून सरस निघाला तर द्यायचं काय? म्हणून तो हातचा राखून 'ध' देतो. चौथ्याच्या वेळी हातचा राखायचं कारणच उरत नाही. तो 'वरचा सा' कशासाठी आला? 'नी' स्वस्त झाला म्हणून वर चढवलेला मजला होता तो.

दुसरं, पहिल्याच्या कानातलं मिक्स, म्हणजे गाताना त्याला ऐकू येणारं स्वतःच्या आवाजाचं आणि वाद्यांचं मिश्रण. तालमीत बसवलेलं मिक्स प्रेक्षक आल्यावर, वादक जोरात वाजवायला लागल्यावर जागेवर राहत नाही. गायकाला स्वतःचा आवाज कमी आला की तो रेटतो आणि स्वर चढतो. फार जास्त आला की दबकून गातो आणि स्वर उतरतो. मॉनिटरवाला, म्हणजे हे मिक्स सांभाळणारा, ते सावरेपर्यंत पहिला अंतरा संपलेला असतो. दुसऱ्या गायकाला ते सावरलेलं मिक्स आयतं मिळतं.

चाटीवरचा
+१. त्यात तबल्याचं जोडा. दमट खोलीत लावलेला तबला मंचावरच्या कोरड्या एसीत आणि दिव्यांखाली आणला की पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते आणि स्वर चढतो. कीबोर्ड मात्र जिथल्या तिथे. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या गोफावर, खालून हातोडी मारून उतरवायचा, तर तेवढा वेळ पहिल्या गाण्याआधी कुणी देत नाही. पहिला गायक चढलेल्या तबल्याबरोबर गातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं हाच उतरलाय. तिसऱ्या गाण्यापर्यंत कातडं स्थिरावतं. शिवाय मुलगा काळी एक या पट्टीत आणि पाठोपाठ मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे दुसरा तबला. तो तोवर बाजूला राहून मंचाच्या हवेला सरावलेला असतो.

रोखठोक_सातारा
तो "एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?

तुमचा सगळा डोलारा 'पहिला' या शब्दावर उभा आहे आणि पहिला कोण हे तुम्हाला टीव्हीवरून कळतं. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा असू शकतो, हे संकलनाचं अगदी प्राथमिक ज्ञान झालं. तुम्ही ज्याला पहिला समजून रडताय तो कदाचित सहावा गायला असेल.

आणि पहिलं गाणं कुणाला देतात? भाग सुरू होताना प्रेक्षकाने रिमोटला हात लावू नये म्हणून दमदार गाणाऱ्याला. युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत 2013 पासून क्रम निर्मातेच बसवतात, तो काय उगाच? तबला-बिबला ठीक आहे. पण जो तबल्यावर सूर धरतो तो गायकच नव्हे.

चाटीवरचा
"तबला-बिबला"?? सूर तबल्यावर धरत नाहीत हे मला शिकवू नका. पण षड्जात लावलेली चाट, म्हणजे तबल्याची कड, दर समेला किंचित चढी कानावर पडली, तर तानपुरा खरा की तबला खरा हे ठरवण्यात गायकाचं अर्धं लक्ष जातं. गाऊन बघा, मग बोला.

आलेख
पुरावा हवा असेल तर ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धा बघा. अंतिम फेरीत 12 जण, रोज संध्याकाळी दोघे, सहा दिवस, क्रम चिठ्ठीने. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 साली निकाल तपासले : पहिल्या दिवशी वाजवणारे वरच्या क्रमांकावर येण्याची शक्यता कमी. क्रम चिठ्ठीचा आहे, त्यामुळे "कच्चे लोकच आधी आले" ही पळवाट बंद.

रोखठोक_सातारा
अर्धवट सांगू नका. त्या फेरीत सगळ्यांना एक नवीन, अप्रकाशित कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासोबतची रचना) सक्तीने वाजवावा लागतो. परीक्षकांनाही तो नवा. पहिल्या दिवशी त्यांनाच रचना कळलेली नसते आणि सहाव्या दिवशी पाठ झालेली असते. आपल्याकडे प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि परीक्षकाने शेकडो वेळा ऐकलेलं. आंबा आणि फणस एका पाटीत घालताय.

आलेख
मुद्दा बरोबर आहे, नव्या रचनेचा भाग वजा करावा लागेल. पण वजा केल्यावर शून्य उरतं, हे तुम्ही कुठून काढलंत?

मिक्सरवरचा
सगळे घरी बसून भांडताय, पण परीक्षकांनी ऐकलेलं गाणं तुम्ही ऐकलेलंच नसू शकतं. रेकॉर्डिंगनंतर आवाज दुरुस्त करता येतो. ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर' या गाण्याच्या टीव्ही स्पर्धेत 2010 साली नेमक्या सुरुवातीच्या चाचणी फेऱ्यांतले आवाज असे सुधारल्याचं उघड झालं आणि ते मान्यही करावं लागलं. अशा वेळी मंचावर बेसूर झालेला पहिला गायक तुमच्या टीव्हीवर सुरेल येतो, आणि तुम्ही परीक्षकाला शिव्या घालता.

दरबारीवेडा
सुरेल म्हणू नका हो त्याला! दुरुस्तीने स्वर कीबोर्डच्या खणात कोंबला जातो. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा साधारण 386 वर. म्हणजे मुलीने बरोबर लावलेला गंधार यंत्र 14 सेंट चढवून 'दुरुस्त' करणार. दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हळू झुलणाऱ्या, कोमल गंधाराचं तर लोणचं घालतात. मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, तर पायऱ्या होतात, पायऱ्या!

मिक्सरवरचा
पायऱ्या रीट्यून स्पीड, म्हणजे यंत्र किती वेळात स्वर ओढतं तो आकडा, शून्याला ठेवला की होतात. तो वाढवला, पन्नास मिलिसेकंदांच्या वर नेला, की आंदोलन बऱ्यापैकी टिकतं. मींडेच्या जागा आपोआप पद्धतीतून वगळायच्या आणि हाताने एकेक स्वर बघायचा. स्वरस्थानंही हवी तशी बसवता येतात. यंत्राचा दोष नाही. रात्रीत भाग द्यायचा असतो, दोष त्याचा.

दरबारीवेडा
चोराच्या हातातली पहार निर्दोष, असंच ना?

मिक्सरवरचा
तुम्हा लोकांचं हे जुनंच आहे. 1940 साली पेटीच्या याच टेम्पर्ड, म्हणजे सारख्या अंतरावर बसवलेल्या, स्वरांवरून रेडिओवर तिला बंदी घातली, तीसेक वर्षं ठेवली. काय झालं? आज एक मैफल दाखवा पेटीशिवाय. गंधाराच्या 14 सेंटांवर रडायचं आणि साथीला पेटी घेऊन बसायचं!

दरबारीवेडा
पेटीवाला गायकाच्या मागे जातो, गायकाचा गळा धरून आपल्या पट्टीवर ओढत नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची पट्टी) सोडून गिरणी चालवावी.

खर्जवाला
दोघांनीही जरा पाणी प्या. विषय गुणांचा आहे. माझा उपाय : परीक्षकाने आकडा लगेच लिहावा पण जाहीर सगळे गाऊन झाल्यावर करावा, आणि तिसऱ्या गाण्यानंतर आधीचे दोन आकडे एकदाच बदलायची मुभा असावी. शंभरपैकी गुण द्यावेत, स्वरांत नव्हे.

आलेख
आणि क्रम फिरता ठेवा. नुसता एकेकाने सरकवू नका, नाहीतर सर्वांत तयारीच्या गायकाच्या मागे कायम तोच बिचारा येतो आणि दर आठवड्याला फिका पडतो. आठ जणांसाठी पहिला आठवडा असा : 1, 2, 8, 3, 7, 4, 6, 5. पुढे दर आठवड्याला प्रत्येक आकड्यात एक मिळवा, आठाचा पुन्हा एक. आठ आठवड्यांत प्रत्येक जण प्रत्येक जागी एकदा आणि प्रत्येकाच्या मागे एकदाच येतो.

रोखठोक_सातारा
वा! आणि पहिल्याच आठवड्यात एक जण बाद झाला की आठाचे सात. तुमचा तक्ता दुसऱ्या भागातच रद्दीत.

आलेख
...हे खरंय. मग निदान एवढं करा : एकदा पहिला गायलेला पुढचे तीन आठवडे पहिल्या दोनांत येणार नाही.

चाटीवरचा
मी सांगतो त्यात तक्ता लागत नाही. स्पर्धेबाहेरच्या कुणाकडून आधी एक अख्खं गाणं गाऊन घ्या, प्रेक्षक बसल्यावर, पूर्ण आवाजात. तबला, मिक्स, परीक्षकाचा कान, तिन्ही लागतात. खर्च पाच मिनिटं.

रोखठोक_सातारा
आणि चॅनल तिथे मागच्या पर्वाचा विजेता आणून बसवणार. त्याच्यानंतर गाणारा पहिला स्पर्धक आणखीच केविलवाणा दिसेल.

चाटीवरचा
विजेता नको. कोरसमधला कुणीही. आणि ते गाणं दाखवूही नका.

रोखठोक_सातारा
असं असेल तर माझी हरकत नाही. सबब हा शब्द मी मागे घेत नाही, पण हे करून बघायला काही जात नाही. एवढ्यावर कुणी पेढे वाटू नका.

खर्जवाला
अर्धा पेढा तरी?

दरबारीवेडा
त्या कोरसवाल्याचा गंधार तरी तसाच राहू द्या म्हणजे झालं.

मिक्सरवरचा
दाखवणारच नाहीत तर दुरुस्त कशाला करू? गंधारासाठी वेगळा धागा काढा, येतो तिकडे.